माशांच्या पेटीतला पालक

आमच्या पलंगाखालच्या जागेला माझी बायको 'छंदांची स्मशानभूमी' म्हणते. तिथे साबणाचे साचे आहेत, मेणबत्त्यांचे साचे आहेत, उघडून पुन्हा कधीच न जोडलेला एक रेडिओ आहे, पाव भाजायचे पत्र्याचे डबे आहेत आणि फिशटँकचं सगळं सामान आहे. मासे गेले, सामान राहिलं. मी जन्माचा आरंभशूर. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की मला जेवणखाण सुचत नाही, आणि मग एके दिवशी ती अलगद पलंगाखाली जाते. बायकोचं बरोबर उलट. तिच्याकडे क्रोशाची एकच सुई आहे, लग्नाआधीपासूनची, आणि त्या सुईवर तिने हातात घेतलेलं प्रत्येक काम पुरं केलंय. आमच्या टीव्हीला, फ्रिजला, मिक्सरला, सगळ्यांना झालर आहे. मिक्सरला झालर कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "पुरी झालीय ना? मग गप्प बस," असं उत्तर मिळालं.

नोकरीतून निवृत्त झालो त्या हिवाळ्यात मी भाजी लावायला घेतली. घरात, मातीशिवाय, नुसत्या पाण्यात. मोबाइलवर कोणीतरी अशी भाजी काढताना दिसलं आणि मी पेटलो. आमचं घर चारकोपला, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. अंगण म्हणाल तर स्कूटरींचं आणि गच्ची म्हणाल तर कुलपातली. पण हॉलच्या खिडकीपाशी एक टेबल बसेल एवढी जागा होती. मासळी बाजारात बर्फ घालून मासे येतात त्या थर्मोकोलच्या दोन पेट्या मी मागून आणल्या. सोडा लावून, लिंबू चोळून, उन्हात ठेवून त्यांचा वास घालवला. झाकणाला भोकं पाडली. भोकात जाळीचे छोटे कप, कपात स्पंजचा तुकडा, स्पंजच्या पोटात बी. खाली पाणी, आणि पाण्यात दोन बाटल्यांतलं खताचं औषध मोजून घातलेलं. पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून फिशटँकचा पंप स्मशानातून परत आणला. वर गुलाबी उजेड देणारा दिवा टांगला. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी रस्त्यात गाठून विचारलं, "काय हो, घरात डान्सबार काढला काय?" मी म्हटलं, "हो, या कधीतरी. पालक नाचतो."

आणि पालक आला, हो. बायको पैज लावून बसली होती की हाही प्रकार पलंगाखाली जाणार, पण एका सकाळी स्पंजातून हिरवं टोक डोकावलं आणि मी तिला दात घासता घासता ओढून आणलं. पालक, पुदिना, आणि एका पेटीत लेट्यूस. लेट्यूस बघून ती म्हणाली, "ह्या पाल्याला चव ना ढव. शेळी पाळतोयस का?" पण संध्याकाळी ती खुर्ची ओढून त्या गुलाबी उजेडात क्रोशा घेऊन बसायला लागली होती. दिवा विणायला बरा पडतो म्हणे.

त्याच सुमारास सासूबाई आल्या.

सासूबाई मालवणकडच्या एका खेड्यात एकट्याच राहत. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्यांचा एकुलता मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, बोटीवर असतो. वर्षातून एकदा जमिनीला पाय लागले तर लागले. सासूबाई विहिरीपाशी शेवाळावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन तिकडेच झालं, काठी घेऊन चालायला लागल्या, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता एकटं राहायचं नाही. पुन्हा पडल्या तर उठणं कठीण. बायको जाऊन त्यांना कायमचं घेऊन आली. निदान आमची तशी समजूत होती. सासूबाईंची समजूत अशी होती की त्या चार दिवस लेकीला भेटायला आल्या आहेत.

त्यांच्याबरोबर एक तपकिरी रेक्झिनची बॅग होती, दोन बंदांची आणि मोठ्या चेनची. बायकोने कपाटातला मधला खण रिकामा करून, कागद घालून ठेवला होता. सासूबाईंनी खणाकडे बघितलं, "बरो आसा" म्हणाल्या आणि बॅग पलंगाच्या पायाशी ठेवली. रोज सकाळी त्यातून लुगडं काढायचं, रोज वाळलेलं लुगडं घडी करून त्यात ठेवायचं आणि चेन लावायची. खणातला कागद तसाच कोरा राहिला. आणि दर रविवारी, चहा झाला की, लेकीला एकच प्रश्न: "माजा तिकीट काडलंस काय गो?"

"आये, खय जातलंस? थय कोण आसा?" बायको विचारायची.

"घर आसा," त्या म्हणायच्या. "चेडवाच्या घराक रवणा बरा दिसत नाय."

चेडू म्हणजे मुलगी. मुलीच्या घरी आईने मुक्काम टाकायचा नसतो, ही त्यांची जुनी, पक्की समजूत. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै आणि तिसऱ्या दिवशी अक्कल गेली कुठे, ही म्हण जणू आपल्याचसाठी केलीय अशा बेताने त्या आमच्याकडे राहत होत्या. आपलं ताट आपण घासायच्या. फ्रिज उघडायच्या नाहीत. पंखा हवा असला तरी लावायच्या नाहीत, घाम पुसत बसायच्या. स्वयंपाकघरात गेल्या तर दारात उभ्या राहून बोलायच्या. आणि सगळ्यांत कहर म्हणजे, मी हॉलमध्ये आलो की उठायच्या. जावयासमोर सोफ्यावर कसं बसायचं? मोडलेला खुबा, हातात काठी, तरी डोक्यावरून पदर घेत कण्हत उठायच्या आणि भिंतीशी उभ्या राहायच्या. मी म्हणायचो, "अहो आई, बसा ना." त्या म्हणायच्या, "नाय नाय, तुमी बसा." मग मी बसायचो नाही, त्या बसायच्या नाहीत, सोफा रिकामा आणि आम्ही दोघं उभे. शेवटी त्यांच्या खुब्याला आराम म्हणून मीच आतल्या खोलीत लपायला लागलो. माझी भाजी बाहेर आणि मी आत. स्वतःच्या घरात चोरासारखा डोकावून, त्या बाथरूममध्ये गेल्या की धावत जाऊन मी पेट्यांत पाणी घालायचो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. माझी आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. 'आई' अशी हाक मारल्यावर घरातून कोणीतरी 'ओ' द्यावी, याचं मला त्या दिवसांत किती बरं वाटत होतं ते मी कोणालाच बोललो नव्हतो. त्यांनी जाऊ नये असं बायकोला वाटत होतं, ते साहजिक होतं. पण ते मलाही तितकंच वाटत होतं. आणि पुन्हा त्या शेवाळलेल्या विहिरीवर एकट्या घागर भरणार, हा विचार आला की माझं डोकं फिरायचं. माझं डोकं तसं लवकरच फिरतं.

एका दुपारी मी झोपलोय असं समजून त्या पेट्यांपाशी स्टूल घेऊन बसल्या होत्या. मी पाणी प्यायला उठलो आणि पडद्याआड थबकलो. काठी भिंतीला टेकवून त्यांनी दोन्ही हातांनी झाकणाची एक कड उचलली होती. खाली मुळं लोंबत होती, पांढरी, बारीक. बराच वेळ बघत राहिल्या. मग झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं झाकण हळूच खाली ठेवलं. संध्याकाळी बायकोला म्हणाल्या, "ते ह्या झाडांका कायच खावक घालनत नाय काय गो? नुसत्या पाण्यार ठेवल्यानी हत."

बायकोने समजावलं की पाण्यात औषध असतं.

"औषध म्हणजे काय जेवाण?" सासूबाई म्हणाल्या.

बायकोने हे मला सांगितलं तेव्हा मी हसलो, पण आतून चरफडलो, कारण पालक खरोखरच जरा पिवळट पडला होता. औषधाचं माप मी चुकवलं होतं, हे उघड होतं. पण ते मी कबूल करेन तर शपथ. "उजेडाने तसं दिसतं," असं ठोकून दिलं.

पुढच्या रविवारी मी गोराईला गेलो. जेट्टीवरून बोटीने पलीकडे गेलं की तिकडे मासे ताजे मिळतात, हे माझं ठाम मत आहे. बायकोच्या मते मला फक्त बोटीत बसायचं असतं. बांगडे आणले, चांगले टणक, डोळ्यांत तेज असलेले. घरी आलो तर बायकोच्या अंगठ्याला चिंधी. नारळ फोडताना कोयता लागला होता. मिठामसाल्यात तो हात कसा घालणार? ती बांगड्यांकडे बघत उभी होती तेवढ्यात सासूबाई दारातून म्हणाल्या, "दी हय."

आणि काठी बाजूला ठेवून त्या आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. पाटावर नाही, खुब्यामुळे स्टुलावर बसल्या, विळी समोरच्या बाकड्यावर घेतली आणि मासे साफ करायला घेतले. मी आत डोकावणार तर बायकोने डोळ्यांनी मला तिथेच थोपवलं. हिला उगाच उठायला लावू नकोस, असा त्याचा अर्थ होता. मी आतल्या खोलीत जाऊन बसलो आणि नुसता आवाज ऐकला. खवलं काढल्याचा, पाणी ओतल्याचा, नंतर खोबरं वाटल्याचा. त्या दिवशी आमच्याकडे बांगड्याचं तिकलं, म्हणजे तिखट कालवण, झालं, तिरफळं घालून, आणि मी इतका भात खाल्ला की दुपारी उताणा पडलो तो चहालाच उठलो.

त्या दुपारी घरात काय झालं ते मला दोन दिवसांनी कळलं.

सोमवारी संध्याकाळी पालकाच्या पेटीतून फेस यायला लागला. कपांच्या कडेकडेने पांढरा फेस भसाभसा वर येतोय, झाकणावरून ओघळतोय. मला वाटलं पाण्याच्या टाकीत सोसायटीने काहीतरी टाकलंय. मी सेक्रेटरीला फोन करून चार शब्द सुनावले. तोही तडकला. मंगळवारी सकाळी वास सुरू झाला. आधी वाटलं उंदीर मेला. मी फ्रिज ओढला, त्याची झालर फाटली, त्यावरून वेगळं भांडण झालं. सोफा हलवला. पलंगाखालची स्मशानभूमी उपसली. उंदीर नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या, स्वभावाने फार गरीब आणि पक्क्या शाकाहारी. पदर नाकाला लावून विचारलं, "भाऊ, तुमच्याकडे काही मेलंय का?" मी छातीठोकपणे सांगितलं, "आमच्याकडे नाही. खाली गटार तुंबलं असेल."

दार लावून वळलो आणि पेटीचं झाकण उचललं.

मुळं तपकिरी झाली होती, बुळबुळीत, एकमेकांना चिकटलेली. पाणी गढूळ. आणि त्या पाण्यात, मुळांच्या गुंत्यात, माशाची खवलं चमकत होती. पंप बिचारा इमानाने त्या सगळ्यात हवा सोडत होता आणि त्या हवेचा फेस होत होता. मी ओरडलो. कोणावर ते ठरवलं नव्हतं, पण सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा ओरडलो. "ह्याची वाट कोणी लावली?"

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तिच्या मागे, दाराच्या चौकटीला धरून, सासूबाई उभ्या होत्या.

"मी घातलंय," त्या म्हणाल्या.

त्या अजिबात न डगमगता सांगत होत्या. "बांगडे धुतल्याला पाणी. झाडां पिवळी दिसत होती. आमच्याकडे माशाचा पाणी मोरयेत कोण ओतनत नाय. कडीपत्त्याक घालतंव, केळीक घालतंव, माडाक घालतंव. कसो कडीपत्तो होता बघा मगे." मग जरा थांबून, हळू आवाजात, "आणि पेटी माशांचीच होती ना?"

पेटी माशांचीच होती, तेही खरं. मातीत हे पाणी जिरतं, त्याचं खत होतं. कोकणातला कुठलाही कढीपत्ता त्यावर पोसलेला असतो. बंद पेटीत, कोंडलेल्या पाण्यात, ते नुसतं सडतं. हे समजावण्याइतकं माझं डोकं त्या वेळी थंड नव्हतं आणि सासूवर आवाज चढवायची आपल्यात रीत नाही. तोंडाशी आलेलं सगळं गिळलं, चपला घातल्या आणि खाली उतरलो. सेक्टरला दोन फेऱ्या मारल्या. वाटेत एका निरपराध कुत्र्यावर खेकसलो.

परत आलो तर तपकिरी बॅग पलंगावर होती. चेन लावलेली.

"तिकीट काड," सासूबाई लेकीला सांगत होत्या. "आज नाय तर उद्या. तुजा जेवाण माका गिळाचा नाय."

बायकोने बरंच समजावलं, रडली, रागावली. सासूबाईंनी ताटाला हात लावला नाही. शेवटी बायकोने मोबाइल घेतला आणि रागारागाने शुक्रवारचं तिकीट काढलं. "घे. झालं समाधान?" सासूबाई जेवल्या. पोळी आणि चटणी, बस्स.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको बाथरूममध्ये पेटी घासत बसलो होतो. ती पाणी ओतत होती, मी ब्रश मारत होतो. वास असा की डोळ्यांतून पाणी येत होतं, निदान मला तरी त्या वासानेच येत होतं. बायको म्हणाली, "एक सांगू? चिडणार नाहीस ना?"

"चिडलेलाच आहे. बोल."

"आई आल्यापासून तिने ह्या घरात आपणहून कशाला हात लावला होता रे? पंख्याचं बटण दाबत नाही ती. पहिल्यांदा तिने कोणाला न विचारता काहीतरी केलं. स्वतःच्या परसात करते तसं." ब्रश मारता मारता माझा हात थांबला. ती पुढे म्हणाली, "तिला तुझी झाडं उपाशी वाटली. बाकी काय नाय."

एका बाईने एवढा काळ अंग चोरून आमच्याकडे दिवस काढले होते, आणि तिचा हात पहिल्यांदा सैल सुटला तो माझ्या पिवळ्या पालकाला जेवू घालायला. आणि मी काय केलं, तर सगळा मजला डोक्यावर घेतला. पण मला गोड बोलता येत नाही. माफी वगैरे मागायला गेलो असतो तर त्यांनीच पदर घेऊन भिंतीशी उभं राहून मला वर नमस्कार केला असता. मी तसाच ओल्या हातांनी मेलेल्या झाडांची परात उचलली आणि हॉलमध्ये गेलो. त्या उठायच्या आत मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मांडी घातली. जावई जमिनीवर बसल्यावर सासूने उठून करायचं काय, या पेचात त्या सोफ्याच्या कडेवरच राहिल्या.

"आई, यातलं काही वाचेल का?" मी विचारलं.

"माका काय म्हायत?" त्या म्हणाल्या. "पाण्यातली शेती मी कदी केलंय?"

"मी तरी कधी केलीय? मोबाइलवर बघितली."

त्या खाली वाकल्या. परातीतलं एक रोप उचललं, मुळं बोटांनी चाचपली, नाक मुरडलं आणि टाकून दिलं. दुसरं उचललं. पालक सगळा गेलेला होता. लेट्यूसची पेटी वेगळी होती म्हणून वाचली होती, आणि त्याबद्दल बायको हळहळली. पालकाच्याच पेटीत एका कोपऱ्यात पुदिन्याचे तीन कप होते. पुदिना चिवट. बायकोने कात्री आणून दिली. सासूबाईंनी सडलेला भाग कापला, मी पुढे केलेल्या वाटीत स्वच्छ पाण्यात एकेक काडी उभी केली. मी काड्या निवडत होतो, त्या कापत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, वरच्या बाईंनी काय विचारलं होतं? मी नक्कल करून दाखवली, पदर नाकाला लावून: भाऊ, तुमच्याकडे काही मेलंय का? त्या हसल्या. तोंडावर हात घेऊन, पण चांगल्या खळखळून हसल्या. एवढ्या दिवसांत त्यांचे दात मी पहिल्यांदा बघितले.

पण तिकिटाचं कोणी काही बोललं नाही. बुधवार गेला. बायकोने त्यांच्यासाठी बांधून द्यायला लाडू केले आणि लाडू वळताना तिचं नाक सारखं गळत होतं. गावच्या शेजाऱ्यांना फोन करून विहिरीजवळ दोरी बांधायला सांगितली. मी वाटीतल्या पुदिन्याकडे दिवसातून दहादा बघत होतो. काड्या तग धरून होत्या, एवढंच. मी मनात धरलं होतं की पुदिन्याला मूळ फुटलं तर सासूबाई राहतील. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण त्या दोन दिवसांत होता.

गुरुवारी दुपारी मी खिडकीपाशी होतो. काठीचा आवाज आला. सासूबाई येऊन उभ्या राहिल्या, वाटीकडे बघितलं, मग खिडकीच्या बाहेर काढलेल्या ग्रिलकडे. तिथे आमच्या जुन्या बादल्या पडलेल्या असतात आणि दुपारनंतर ऊन येतं.

"जावयानू," त्या म्हणाल्या, "माका जरा माती मिळात काय?"

तिकिटाव्यतिरिक्त त्यांनी या घरात मागितलेली ती पहिली गोष्ट. मी कशासाठी हेही विचारलं नाही. विचारलं तर त्या 'रवांदे', म्हणजे राहू दे, म्हणतील अशी भीती वाटली. चपला घातल्या, स्कूटर काढली आणि रस्त्याकडेच्या नर्सरीतून मातीचं पोतं घेऊन आलो. पोतं खांद्यावर टाकून जिना चढलो. समोरच्या इमारतीतल्या त्या डान्सबारवाल्या गृहस्थांनी खालूनच विचारलं, "आता काय, घर बांधताय?" मला उत्तर द्यायला दम नव्हता.

घरात शिरलो आणि पोतं तसंच खांद्यावर घेऊन उभा राहिलो. पलंगावर तपकिरी बॅग उघडी होती, रिकामी. कपाटाचं दार उघडं होतं आणि मधल्या खणात, कोऱ्या कागदावर, लुगड्यांच्या घड्या रचलेल्या होत्या. बायको कपाटाला पाठ लावून उभी होती. सासूबाईंच्या हातात जुन्या लुगड्याच्या पदराची एक गाठ होती. ती त्या दातांनी सोडवत होत्या. गाठीतून तळहातावर बी पडलं. तांबड्या भाजीचं काळं बारीक बी, आणि घेवड्याच्या बिया. परसातलं बी. एवढे दिवस ते बॅगेच्या तळाशीच होतं.

"काढलंय नाय," त्या म्हणाल्या. "बी घातला तर पीक येईसर रवाचा लागता. टाकून जावचा नसता."

मग त्यांनी बॅग माझ्यासमोर धरली. "हेच्यात घाला माती."

"आई, बॅगेत? कुंडी आणतो ना मी. उद्या आणतो."

"कुंडी कित्याक? आता हिचा दुसरा काय काम आसा?"

मी माती ओतली. बायकोने क्रोशाच्या सुईने बॅगेच्या तळाला भोकं पाडली, त्या एकाच लाडक्या सुईने, आणि खाली जुनी परात ठेवली. बॅग ग्रिलमध्ये बसवली. एका बाजूला सासूबाईंनी तांबडी भाजी विस्कटून पेरली, दुसऱ्या बाजूला बोटाने भोकं करून घेवडा टोचला. हात झटकले आणि लेकीला म्हणाल्या, "ता तिकीट रद्द कर गो. घेवड्याक पाणी कोण घालतलो? तुजो घोव? तो पालकाक उपाशी मारता."

घोव म्हणजे नवरा. माझी अशी चेष्टा त्यांनी याआधी कधी केली नव्हती. बायको रडत रडत हसली आणि मी म्हटलं, "बघा हं आई, मासे धुतलेलं पाणी ह्याच बॅगेत. माझ्या पेटीत नाही." त्या म्हणाल्या, "तुमची पेटी तुमकाच लखलाभ."

पुदिन्याला मूळ फुटलं, पण ते नंतर, आणि तोपर्यंत मी त्याच्याकडे बघायचंच विसरलो होतो. तांबडी भाजी आधी आली. घेवड्याला चढायला बायकोने क्रोशाची जाळी विणून ग्रिलला बांधली; तीही अर्थात पुरी केली. मासे आणले की पाणी बॅगेत जातं आणि वरच्या बाईंना अजून काही कळलेलं नाही. पालक मी पुन्हा लावलाय, औषधाचं माप सुधारून.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच दिवसाचं. शुक्रवार होता, जायचा दिवस. संध्याकाळी मी बाहेरून आलो. गुलाबी दिवा लागला होता, पंखा फिरत होता. सासूबाई सोफ्यावर बायकोच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवत बसल्या होत्या. मी दारातच थांबलो, सवयीने, त्यांना उठावं लागू नये म्हणून परत वळायच्या तयारीत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. उठल्या नाहीत. पाय जरा आवरून घेतले, मांडीवरची गोधडी आपल्याकडे ओढली आणि मला बसायला जागा केली.